शांत मन कशासाठी?

मन अस्वस्थ झाले की आज महाराष्ट्रातल्या माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. एक इगतपुरीला जाते: दहा दिवसांचे विपश्यना शिबिर, मौन आणि पहाटेची घंटा. दुसरी समुपदेशकाच्या खोलीत जाते. तिसरी सर्वांत जुनी, ती प्रवचनाच्या मांडवात, गीतेच्या वर्गात किंवा घरातल्या पुस्तकांच्या कपाटापाशी पोचते. तिन्ही वाटांवर वर्दळ आहे, पण एका वाटेवरचा माणूस दुसऱ्या वाटेवरच्याशी सहसा बोलत नाही. शिबिराहून परतलेल्याला समुपदेशन वरवरचे वाटते. मानसशास्त्र शिकलेल्याला प्रवचनातली विधाने पुराव्याविना केलेली वाटतात. आणि गीतेच्या वर्गातल्याला 'माइंडफुलनेस', म्हणजे सजगता, ही आपलीच वस्तू वेष्टन बदलून परत आलेली दिसते.

गेल्या सत्तर वर्षांत या तिन्हींना एकत्र आणण्याचे मोठे प्रयत्न झाले. काही रुग्णालयांत झाले, काही विद्यापीठांत, काही आपल्याकडे ठाण्या-पुण्यात. त्यातून काय हाती लागले आणि काय निसटले, हे पाहण्याची वेळ आली आहे. माझे म्हणणे आधीच मांडलेले बरे. सजगता, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचे मिश्रण करून चालत नाही. त्यांनी एकमेकांना तपासायचे असते. आजवरच्या जोडणीत तत्त्वज्ञानाचा, म्हणजे 'शांत झालेल्या मनाने करायचे काय' या प्रश्नाचा, धागा सर्वांत कच्चा राहिला आहे.

सुरुवात मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या जोडीपासून करू, कारण तिचा इतिहास स्वच्छ दिसतो. एपिक्टेटस हा स्टोइक तत्त्वज्ञ पहिल्या शतकात रोममध्ये गुलाम होता, पायाने अधू होता. पुढे तो मुक्त झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकलून लावले, तेव्हा त्याने ग्रीसमधल्या निकोपोलिस येथे शाळा काढली. स्वतः त्याने एक ओळ लिहिली नाही. त्याचे बोलणे आरियन या शिष्याने उतरवून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. त्याच्या शिकवणीचा गाभा असा, की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेविषयी त्याने करून घेतलेले मत अस्वस्थ करते. म्हणून आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे आधी नीट वेगळे करावे.

ही शिकवण विसाव्या शतकात मानसशास्त्रात आली ती अशी. एकोणिसाव्या वर्षी अल्बर्ट एलिस हा न्यूयॉर्कचा तरुण स्त्रियांशी बोलायला कमालीचा घाबरत असे. त्याने स्वतःलाच एक गृहपाठ घालून घेतला. महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचे, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचे आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. शंभरेक जणींशी तो बोलला. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आलीच नाही. पण नकार मिळाल्याने आकाश कोसळत नाही, हे त्याला पुस्तकातून नव्हे, अनुभवातून कळले. हाच एलिस पुढे मनोविश्लेषक झाला, त्या पद्धतीला कंटाळला आणि १९५५ मध्ये त्याने आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि भावनिक परिणाम अशी तिची मांडणी आहे, आणि एपिक्टेटसचे ऋण तो उघडपणे मान्य करत असे. 'मला यश मिळावे' ही इच्छा निरोगी, 'मिळालेच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' हा हट्ट रोगट, हा त्याच्या उपचाराचा कणा. त्याच सुमारास फिलाडेल्फियात ॲरन बेक नैराश्याच्या रुग्णांची स्वप्ने तपासत होता. फ्रॉइडचे म्हणणे सिद्ध करायला निघालेल्या बेकच्या हाती वेगळेच काही लागले: रुग्णाच्या मनात आपोआप, न बोलावता येणारे, स्वतःविषयीचे काळवंडलेले विचार. १९७९ साली आलेल्या नैराश्यावरील ग्रंथात बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपल्या पद्धतीची तात्त्विक मुळे स्टोइकांपर्यंत नेली.

मराठीत हा प्रवाह चांगला रुजला. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ती पद्धती शिकून घेतली आणि पुस्तकांतून, कार्यशाळांतून ती मराठीत आणली. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी अनेक मराठी घरांत पोचली. ठाण्याच्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तर एलिसचा विचार आणि गीता-वेदान्ताचा विचार शेजारी शेजारी ठेवून वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. मानसोपचारतज्ज्ञाने तत्त्वज्ञानाची भाषा न लाजता बोलायची, हे आपल्याकडे त्यामुळे रूढ झाले. त्याचे मोल मोठे आहे.

मात्र स्टोइकांकडून मानसशास्त्राने घेतले ते हत्यार. ज्या कामासाठी ते घडवले होते ते काम मागेच राहिले. एपिक्टेटसला झोप चांगली लागावी एवढ्यासाठी मते तपासायची नव्हती. मुलगा, भाऊ, नागरिक, शेजारी या नात्यांनी आपल्यावर येणारी कर्तव्ये नीट पार पाडता यावीत, यासाठी मन मोकळे हवे होते. मार्कस ऑरेलियस हा स्टोइक सम्राट युद्धाच्या छावणीत स्वतःपुरती टिपणे लिहीत होता. आज भेटणारी माणसे उद्धट आणि कृतघ्न असतील, तरी रक्ताने नव्हे पण बुद्धीने ती आपली नातलग आहेत आणि आपला जन्म एकमेकांच्या साहाय्यासाठी आहे, अशी आठवण तो त्यात स्वतःला करून देतो. ताण कमी होणे हा त्या आठवणीचा जोडलाभ, हेतू नव्हे.

फ्रेंच विद्वान पिएर आदो याने हीच गोष्ट पश्चिमेला पुन्हा लक्षात आणून दिली. प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान ही सिद्धान्तांची इमारत नव्हती, ती रोजच्या सरावांची रीत होती: दिवसाचा रात्री हिशेब, मृत्यूचे चिंतन, नुकसानीची आगाऊ कल्पना, मित्राला लिहिलेले पत्र. पाश्चात्त्य विद्यापीठांत हे म्हणणे नवे वाटले. आपल्याला ते तितकेसे नवे वाटू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, तेव्हा समोर परीक्षेला बसलेले विद्यार्थी नव्हते. बंदिवासात दिवस कसा काढायचा हा त्यांचा प्रश्न होता. पण आपल्याकडची अडचण निराळी आहे. ऐकणे हाच सराव मानला गेला. प्रवचन ऐकून माणूस तृप्त होऊन घरी येतो आणि जेवताना आमटी अळणी झाली म्हणून आवाज चढवतो. स्थितप्रज्ञाची लक्षणे पाठ असणे आणि राग येताना तो येतो आहे हे त्या क्षणी कळणे, या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते ऐकण्याने कमी होत नाही.

हे अंतर नेमके सजगतेचा सराव कमी करतो. विचार चांगला की वाईट हे ठरवण्याआधी तो दिसावा लागतो, आणि तो दिसण्यासाठी लक्ष ताब्यात असावे लागते. पाली साहित्यातल्या सतिपट्ठान सुत्तात शरीर, संवेदना, चित्त आणि चित्तात उठणारे धर्म, म्हणजे मनाचे विषय, यांच्याकडे पाहण्याची पद्धत तपशिलाने दिली आहे. म्यानमारमध्ये ती गृहस्थांसाठीही खुली झाली. सयाजी ऊ बा खिन हे तिथले महालेखापाल आणि ध्यानाचे आचार्यही. सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. तीव्र अर्धशिशीने हैराण होऊन १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि तिथलेच झाले. १९६९ मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिले शिबिर घेतले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या डोंगरात धम्मगिरी उभे राहू लागले.

तिथला दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला पहिली बैठक. फोन, वही, पुस्तक, जप, पूजा, व्यायाम सारे बंद. शेजारच्याशी नजरेनेही बोलायचे नाही, याला आर्यमौन म्हणतात. पहिले तीन दिवस फक्त आनापान: नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या मधल्या जागेवर श्वास येतो-जातो, तो बदलायचा नाही, नुसता जाणायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते आणि डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायचे. कुठे मुंग्या, कुठे ठणका, कुठे घाम. तासभर हात-पाय न हलवण्याच्या, डोळे न उघडण्याच्या अधिष्ठानाच्या बैठका असतात. गुडघा दुखू लागतो. आधी दुखणे, मग 'हे कधी संपणार', मग 'मी इथे आलोच कशाला', मग घरच्यांवरचा जुना राग. हे सगळे एकाच गुडघ्यातून निघते आहे हे साधकाला स्वतःला दिसू लागते. संध्याकाळी नव्या साधकाला चहा आणि फळे, मग ध्वनिचित्रफितीवर गोएंका गुरुजींचे प्रवचन. दहाव्या दिवशी मैत्री भावना शिकवली जाते आणि मौन सुटते. शुल्क नाही, जुन्या साधकांच्या दानावर सारे चालते.

याच परंपरेचा एक धागा अमेरिकेत गेला. बोधगयेत गोएंकांकडे शिबिर केलेल्या तरुण अमेरिकनांपैकी काहींनी मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानकेंद्र काढले. रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये त्याच राज्यातल्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक उपक्रम सुरू केला. जुनाट दुखण्याचे जे रुग्ण औषधांनी बरे होत नव्हते, त्यांच्यासाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. पहिल्या धड्यात एक बेदाणा हातात देतात. तो पाहायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, आणि मगच चावायचा. धर्माची खूण कुठेही नाही. रुग्णालयात कोणत्याही धर्माचा माणूस येतो, तेव्हा तसे करणे योग्यच होते.

मानसशास्त्राशी खरी गाठ पडली ती १९९०च्या दशकात. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांना नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी उपचार हवा होता. त्यांचे निरीक्षण असे होते, की ज्याला अनेकदा नैराश्य येऊन गेले आहे त्याला साधी उदासीसुद्धा जुन्या विचारांच्या घसरगुंडीवर नेऊन सोडते. त्या वेळी विचाराशी वाद घालण्यापेक्षा 'हा एक विचार आहे' एवढे ओळखता आले तरी घसरण थांबू शकते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते अशांमध्ये वर्षभरात पुन्हा आजार उलटण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होते, सजगतेच्या अभ्यासक्रमाची जोड मिळालेल्यांत ३७ टक्के. दोनच वेळा आजारी पडलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. मला या चाचणीतला हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. उपाय कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, हे सांगण्याची शिस्त मानसशास्त्राची आहे. प्रवचनात आणि शिबिराच्या जाहिरातीत ती सापडत नाही.

त्याच शिस्तीने पुढे उत्साहाला आवरही घातला. ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने अल्प ते मध्यम सुधारणा होते, पण औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा मिळत नाही, असे त्याचे म्हणणे. २०१५ मध्ये ४२४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत सजगतेचा अभ्यासक्रम आणि दीर्घकाळ चालू ठेवलेली औषधे यांचा दोन वर्षांचा निकाल जवळपास सारखाच आला: आजार उलटण्याचे प्रमाण ४४ आणि ४७ टक्के. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी ध्यानातून उद्भवलेल्या भीतीच्या, बधिरतेच्या, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटण्याच्या अनुभवांची पद्धतशीर नोंद केली. धम्मगिरीसारख्या केंद्रांतही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर न करण्याचा सल्ला दिला जातो, आणि विपश्यना हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नाही असे स्पष्ट सांगितले जाते. हे वाक्य आपल्याकडे जास्त मोठ्याने म्हणायला हवे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचलेलेच नाहीत असे दिसले. अशा देशात 'गोळ्या कशाला, ध्यान कर' हा सल्ला देणाऱ्यावर फार मोठी जबाबदारी येते.

आता तिन्हींच्या सांध्याकडे येऊ. इथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे.

समजा, पुण्यात नोकरी करणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे. आई सातारा जिल्ह्यातल्या गावी एकटी राहते. गेले काही महिने रात्री दोनला त्याला जाग येते आणि एकच विचार फिरत राहतो: 'मी आईकडे दुर्लक्ष करतो. मी नालायक मुलगा आहे.' विवेकनिष्ठ पद्धतीचा समुपदेशक त्याला विचाराची वही लिहायला लावेल. नालायक म्हणजे काय? एका बाबतीत कमी पडणे आणि माणूस म्हणून रद्दी ठरणे यात फरक नाही का? तू दर रविवारी फोन करतोस, गेल्या पावसात घराचे पत्रे बदलून दिलेस, हे हिशेबात का नाही? ही उलटतपासणी योग्य आहे. 'नालायक' हा शिक्का तिने गळून पडतो.

सजगतेचा शिक्षक दुसरे काही करायला सांगेल. रात्री दोनला वाद घालू नकोस, त्या वेळी बुद्धी थकलेली असते. छातीत काय होते ते पाहा. आवळल्यासारखे होते? कुठे? श्वासाबरोबर ते वाढते की कमी होते? हा विचार काल आला होता, परवा आला होता, आजही आला; येऊ दे. महिनाभराच्या सरावानंतर त्याला पहाटेपर्यंत झोप लागू लागेल, असे धरू. हेही योग्य आहे.

पण शिक्का गळला, झोप लागली, तरी एक गोष्ट शिल्लक उरते. विचाराचा पहिला अर्धा भाग कदाचित खरा आहे. तो आईकडे दुर्लक्ष करत असेलही. खऱ्या विचाराशी वाद घालून तो खोटा पाडायचा नसतो, आणि निव्वळ विचार म्हणून त्याला वाहून जाऊ द्यायचेही नसते. मी तिचे काय देणे लागतो? तिला काय हवे आहे, हे मी तिला विचारले आहे का? माझी नोकरी, मुलांची शाळा आणि तिचे म्हातारपण यांत कशाला किती जागा द्यायची? या प्रश्नांचे उत्तर चाचणीतून मिळत नाही, श्वासातूनही नाही. ते विचार करून, चर्चा करून, आपल्याला कसा माणूस व्हायचे आहे हे ठरवून द्यावे लागते. हे काम तत्त्वज्ञानाचे आहे. अपराधी भावना निवळली म्हणजे उपचार यशस्वी झाला, असे मानणाऱ्या समुपदेशकाच्या हातून इथे आईवर अन्याय होतो. उलट नुसत्या कर्तव्याच्या भाषेत बोलणारा प्रवचनकार त्या गृहस्थाला रात्री दोनच्या चक्रात आणखी खोल ढकलतो. एकाने दुसऱ्याला तपासायचे म्हणजे काय, ते असे.

जुन्या बौद्ध मांडणीत हा क्रम सुटलेला नव्हता. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची रचनाच शील, समाधी आणि प्रज्ञा अशी आहे. इगतपुरीतही शिबिराची सुरुवात पंचशील घेऊन होते. चोरी करणाऱ्याचे, फसवणाऱ्याचे चित्त स्थिर होऊ शकत नाही, असा त्यामागचा विचार. रुग्णालयातल्या आणि पुढे कंपन्यांमधल्या अभ्यासक्रमांनी समाधीचा भाग उचलला. शील 'शिक्षकाच्या वागण्यातून आपोआप येईल' असे गृहीत धरले. सैन्यातही सजगतेचे प्रशिक्षण सुरू झाले. एकाग्रता हे एक बळ आहे आणि ते कोणत्याही कामाला जुंपता येते. अपुऱ्या पगारात बारा तास राबवणाऱ्या कार्यालयाने कर्मचाऱ्यांना दुपारी दहा मिनिटे श्वास पाहायला शिकवले, तर त्यांचा ताण थोडा कमी होईल. पण तो ताण ज्या गोष्टीची खबर देत होता, ती खबरही दाबली जाईल.

या प्रश्नाला महाराष्ट्रातून आलेले उत्तर मला जगातल्या या विषयावरच्या चर्चेत सर्वांत धारदार वाटते, आणि तिथे त्याची दखल फार कमी घेतली जाते. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेतच त्यांनी विचारले आहे, की चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीचा भाग आहेत का. जन्म, जरा, मृत्यू हेच दुःख आणि तृष्णा हेच त्याचे कारण असेल, तर ज्याच्यावर माणसानेच दुःख लादले आहे त्याला धम्म काय देणार? त्यांच्या मांडणीत दुःखात माणसाने माणसावर केलेला अन्याय येतो आणि धम्म हे प्रामुख्याने माणसामाणसांतले नाते ठरते. चित्ताचे संस्कार त्यांनी नाकारले नाहीत. मनाला अग्रस्थान देणारी बुद्धाची शिकवण त्यांनी आवर्जून मांडली. पण प्रज्ञा आणि शील यांच्यासोबत करुणा आणि मैत्री नसेल तर विद्वत्ता धोकादायक ठरू शकते, यावर त्यांचा भर आहे. हातात काय आहे आणि काय नाही हे वेगळे करा, असे सांगणाऱ्या एपिक्टेटसला इथे एक प्रश्न विचारला जातो. एकट्याच्या हातात नाही ते हजारोंच्या हातात असू शकते. मग 'हातात नाही' म्हणून कोणती गोष्ट सोडायची, हे कोणी ठरवायचे?

गोव्यात सांखवाळला जन्मलेले धर्मानंद कोसंबी हे याच सांध्यावर उभे असलेले दुसरे नाव. बुद्धाचा शोध घेत ते घर सोडून निघाले, सिलोनमध्ये भिक्षू झाले, ब्रह्मदेशात ध्यान केले, हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाच्या संपादनावर खपले. पुढे तेच मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. पाठभेद तपासणारी बुद्धी, ध्यानाचा अनुभव आणि अन्यायाविरुद्धची कृती या गोष्टी त्यांना एकमेकांच्या आड येणाऱ्या वाटल्या नाहीत.

राहिला प्रश्न संगतीचा, म्हणजे हे सारे कोणासोबत करायचे याचा. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन मैत्रीला दिले, कारण चांगले जगणे एकट्याने शिकता येते असे त्याला वाटत नव्हते. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या आयुष्यांचा जो दीर्घ अभ्यास चालू आहे, त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि झेन परंपरेतले दीक्षित आचार्यही. म्हातारपणीचे आरोग्य आणि समाधान यांच्याशी जवळच्या नात्यांची ऊब घट्ट जोडलेली आहे, हा त्या अभ्यासाचा सर्वांत ठळक निष्कर्ष. कानात यंत्र घालून एकट्याने करायच्या ध्यानाच्या ॲपना ही जागा भरता येत नाही. वारकऱ्यांनी भजनाला टाळकऱ्यांचा मेळा आणि चालायला दिंडी ठेवली, त्यामागे हेच शहाणपण आहे.

तिन्ही धागे रोजच्या व्यवहारात विणलेले पाहायचे असतील तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडे पाहावे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केले. तिथे वैद्यकीय उपचार आहेत, समुपदेशन आणि गटचर्चा आहे, योग-ध्यान आहे, रोजची साफसफाई वाटून घेणे आहे. व्यसनमुक्तांच्या गटांतून आलेले 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र आहे. बदलता येईल ते बदलण्याचे धैर्य आणि न बदलणारे स्वीकारण्याची शांती मागणारी त्यांची प्रार्थना एपिक्टेटसची सख्खी नातलग आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथेच कार्यकर्ते होतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी वेगळा गट चालतो. शांत झालेल्या मनाने करायचे काय, या प्रश्नाला तिथे रोज सकाळी उत्तर द्यावे लागते: समोर थरथरत बसलेल्या नव्या रुग्णाला चहाचा कप धरून द्यायचा.

शाळांचे काय, हा आजचा निकडीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये सुमारे ८ हजार किशोरवयीन मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शाळेत सर्वांना सरसकट दिलेल्या सजगतेच्या धड्यांमुळे, नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा मुलांचे मानसिक आरोग्य अधिक सुधारले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या साथीने 'मित्र उपक्रम' राबवला आहे, त्यात मुले वर्गात आनापान करतात. ब्रिटिश निकालावरून तो मोडीत काढण्याचे कारण नाही. पण तो मोजला गेला पाहिजे, आणि कोणत्या मुलांना तो त्रासाचा जातो हे शिक्षकांना ओळखता आले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे, की डोळे उघडल्यावर वर्गात बोलणे व्हावे. कालच्या भांडणात मला राग कुठे जाणवला, मी समोरच्याला काय समजलो होतो, ते खरे होते का, आणि त्याला माझ्याकडून काय येणे आहे. सातवीतल्या मुलांना हे प्रश्न झेपतात. ते विचारायला शिकलेले शिक्षक किती आहेत, यावर आता काम व्हायला हवे: डी.एल.एड.च्या आणि बी.एड.च्या वर्गांत, समुपदेशनाच्या पदविकांत, आणि विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांतही, जिथे आज एपिक्टेटस दहा गुणांच्या टिपेपुरता शिकवला जातो.